काकूंचा खुनी

सिनेमागृहात गप्प बसायचा नियम कोणी केला? अमरावतीतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी तो कधीच मानला नाही. ऐतिहासिक सिनेमात त्या ओरडतात, "लढाई झाली तरी राणीच्या लुगड्याले डाग नाई!" कादंबरीवरच्या सिनेमात विचारतात, "पुस्तकातली सासू काहून कापली बाप्पा?" रहस्यपटात तर मध्यंतरालाच खुनी जाहीर करतात आणि दर वेळी चुकतात.

परवा त्या गरजल्या, "डाक्टरच हाय!"

मागून कोणीतरी म्हणालं, "चला, डाक्टर सुटला!"

हशा ऐकून दारवान काकूंना बाहेर काढायला आला, तसं अख्खं थिएटर उभं राहिलं. "काकू गेल्या तं आमीबी जातो!"

दारवान माघारी फिरला. शेवटी खुनी डॉक्टरच निघाला, आणि काकूंपेक्षा आम्हीच जास्त नाचलो. तुमच्या शेजारी अशी काकू बसली, तर तिला गप्प करू नका. खुनी कोण, ते विचारा.