कळ, चमक आणि ठणका

मी सोलापुरात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. बाहेरच्या देशात नोकरी करायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचणं-लिहिणं मला जमत होतं. भीती होती ती बोलण्याची. परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होतो, आपण नर्स. त्याला काय होतंय ते विचारायचं, धीर द्यायचा. वॉर्डात मी हे रोजच करते, अक्कलकोटकडच्या म्हाताऱ्यांशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्येसुद्धा. पण इंग्रजीत तोंड उघडलं की माझाच आवाज मला ऐकू यायचा आणि पुढचा शब्द हरवायचा.

सरावाला कुणी नव्हतं. मोबाईलवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी फोनच ठेवून द्यायचे. शेवटी अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मी होतो की पेशंट."

अण्णांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळं हळू बोलणं त्यांना ठाऊक नाही. इंग्रजी येत नाही. ते मराठीत बोलणार, मी इंग्रजीत, असं ठरलं. थोड्याच दिवसांत माझ्या प्रश्नांचा क्रम त्यांना पाठ झाला. मी ड्युटीवरून आले की ते पलंगावर आडवे व्हायचे.

"व्हेअर एक्झॅक्टली इज द पेन?"

"हितं, गुडघ्याच्या वाटीत. लई ठणकायलंय."

ठणक्याला थ्रॉबिंग. चमकेला शूटिंग. जळजळीला बर्निंग. कळेला मात्र नेमका शब्द मला सापडेना. "कळ म्हंजे येती, जरा थांबती, परत येती," अण्णांनी समजावलं. मी म्हटलं, "इट कम्स अँड गोज." "एवढंच?" ते नाराज झाले. ते इतक्या मोठ्यानं विव्हळायचे, की शेजारच्या काकू दारात यायच्या. "काय न्हाय," अण्णा त्यांना सांगायचे, "पोरीची परीक्षा हाय."

तारीख जवळ आली तसं माझं जेवण कमी झालं. वॉर्डात सलाईन लावताना मी स्वतःशी पुटपुटायचे. "सिस्टर, मला काय म्हणालात का?" एका बाईंनी घाबरून विचारलं होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला रविवार. सकाळी अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते. मी नेहमीसारखी सुरुवात केली.

"हाऊ आर यू फीलिंग टुडे?"

"कसंतरी व्हायलंय."

"कॅन यू डिस्क्राइब द पेन?"

त्यांनी नुसता छातीवर हात ठेवला. एकेका दुखण्याला चार चार शब्द काढणारा माणूस.

"अण्णा, कळ का चमक?"

"काय म्हणावं कळंना गं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला वाकून ऐकावं लागलं. मी मनगट धरलं. गार आणि ओलं.

"अण्णा, खरंच दुखतंय?"

"व्हय."

आईला रिक्षा बघायला सांगितलं, अॅस्पिरिनची गोळी त्यांना चावायला दिली. आईची हाक ऐकून काकू हसतच आल्या, "आज काय दुखतंय अण्णांचं?" "आज खरंच दुखतंय," मी म्हटलं. त्या उलट्या पावली धावल्या आणि नवऱ्याला रिक्षा काढायला लावली.

रिक्षात मी विचारत होते, दम लागतोय का, हात भरून येतोय का. अण्णांनी माझा हात दाबला.

"तू इंग्लिशमधी इचार," ते म्हणाले. "मराठीत इचारायलीस तर मला भ्या वाटायलंय."

इंग्रजी म्हणजे खोटं दुखणं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग दवाखाना येईपर्यंत मी इंग्रजीतच बोलत राहिले. आय ॲम विथ यू. ब्रीद स्लोली. वी आर ऑलमोस्ट देअर. चुकलं का बरोबर, ते माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण ते माझ्या तोंडाकडं बघत होते, डोळे मिटत नव्हते.

आम्ही वेळेत पोचलो. एक रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडून स्टेंट बसवला. "तू परीक्षा सोडू नको," अण्णा कॉटवरून म्हणाले, म्हणून मी पुण्याला गेले. तिथं समोरची बाई पेशंट म्हणून बोलायला लागली आणि मला पुन्हा माझा आवाज ऐकू यायला लागला. बाकी सगळ्यात पास झाले, बोलण्यात थोडक्यात राहिले.

आता पुढची तारीख मिळाली आहे. अण्णा चालतात-फिरतात, गोळ्या वेळेवर घेतात. सरावही सुरू झालाय. पहिल्या दिवशी त्यांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा मी आधी त्यांचं मनगट धरलं.

"अण्णा, छाती सोडून काहीही."

त्यांनी हात काढला, थोडा विचार केला. "मग दात आंबल्यात," ते म्हणाले. "लई चिंचा खाल्ल्या."

दात आंबणं इंग्रजीत कसं सांगायचं, मला माहीत नाही. तारीख जवळ येत चालली आहे.