तीन ठोक्यांचं घर

प्रिय इरा आणि निशांत,

परवा व्हिडिओवर तुम्ही मला तुमचे नवे दिवे दाखवत होतात. दारावरचा कॅमेरा मधूनच मरत होता आणि बैठकीतला दिवा हाकेला ओ देत नव्हता. बराच वेळ खटपट केल्यावर घोटाळा सापडला. निशांतने दिव्याला वायफायवरचा पत्ता स्वतः नेमून दिला होता आणि राउटरने तोच पत्ता कॅमेऱ्यालाही देऊन टाकला होता. "आजी, एका पत्त्यावर दोघं! मग गोंधळ होणारच ना," असं म्हणून इरा हसली. मी हसले नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मला माझ्या मोठ्या जाऊबाई आठवल्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्याबद्दल घरात जे सांगतात ते सगळं चांगलं आहे आणि खरंही आहे, पण ते पुरं नाही.

ऐंशीच्या दशकात सौंसरच्या आमच्या गल्लीत एकच फोन होता, जाऊबाईंच्या घरी. माझे जेठ, म्हणजे त्यांचे यजमान, संत्र्यांचे व्यापारी, नागपूरच्या अडत्यांशी बोलायला त्यांनी तो घेतलेला. पण फोन चालवत होत्या ताई. मी त्यांना ताईच म्हणत असे. उंच, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला. फोन वाजला की त्या आधी घसा साफ करत आणि मग इतक्या मोठ्याने "हॅलो" म्हणत, की जेठ म्हणायचे, "अवो, तार कशाले पाह्यजे तुले? नागपूरले असंच आयकू जाते."

गल्लीतले सगळे आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर देत आणि पुढे 'पी.पी.' लिहायला सांगत. म्हणजे फोन शेजारी, माणूस पलीकडे. बोलवायला धावणार कोण? ताईंनी ओसरीत वखराची एक मोडकी पास, म्हणजे लोखंडी पातं, टांगली आणि शेजारी खलबत्त्यातला बत्ता ठेवला. एक ठोका म्हणजे कंपाउंडरचं घर, दोन म्हणजे पटवाऱ्यांचं, तीन म्हणजे टेलरमास्तरांचं. ठोका ऐकला की त्या घरातलं माणूस हातातलं काम टाकून येई, थेट बैठकीत शिरे आणि फोन उचले. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा, त्यामुळे विचारणंबिचारणं नव्हतंच. कंपाउंडर लांबवायला लागले की ताई दारातून ओरडत, "अहो भाऊजी, साऱ्या नागपूरचा खोकला विचारून राहिले का? ठेवा आता!" आणि जाताना त्यांच्या हातावर संत्रं ठेवत.

मग गल्लीच्या टोकाला डोंगरे राहायला आले. नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर नोकरी, बौद्ध कुटुंब, घरात ते आणि त्यांच्या पत्नी शांताबाई. शांताबाईंची आई नागपूरला आजारी होती, म्हणून डोंगरे नंबर मागायला आले. ताईंनी नाही म्हटलं नाही. डोंगरे म्हणाले, "मंग आमचे चार ठोके ठेवा, बाई."

"चार कोन मोजत बसन?" ताई म्हणाल्या. "तुम्ही तिनातच राहा. मास्तर येऊन पाहीन. तुमचा असन तं तो हाक देईन, मंग या."

चार मोजणं कठीण नव्हतं. स्वतःचा ठोका मिळाला असता तर डोंगरे इतरांसारखे थेट बैठकीत आले असते. आता मास्तर फोन उचलत, डोंगऱ्यांना हाक मारत आणि फोन खिडकीत सरकवून ठेवत. शांताबाई बाहेर अंगणात उभ्या राहून गजांतून बोलत. हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटत होतं.

एका शनिवारी टेलरमास्तर सहकुटुंब जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले होते. दुपारी नागपूरहून शांताबाईंच्या भावाचा फोन आला. "शांताबाईलेच सांगतो, लवकर बलावा," एवढंच तो म्हणाला. ताईंनी तीन ठोके दिले. कोणी आलं नाही. पुन्हा दिले. तेवढ्यात लाइन कटली. येईल परत, असं म्हणून ताई कामाला लागल्या. संध्याकाळी मास्तर परतले तेव्हा निरोप पोचला, पण नागपूरची शेवटची बस निघून गेली होती. सकाळच्या बसने शांताबाई गेल्या, तोवर आई गेली होती.

त्या परतल्यावर ताई भेटायला निघाल्या. आम्ही तेव्हा पांढुर्ण्याला राहत होतो; मी दोन दिवस सौंसरला आले होते, मलाही सोबत घेतलं. शांताबाईंनी अंगणात बाज टाकली. ताई टेकल्या. त्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"मी ठोकले होते वो," ताई म्हणाल्या. "दोनदा ठोकले."

"आयकले नं," शांताबाई म्हणाल्या. "चुलीपाशी होती मी. उठून दारात आली. मास्तरच्या हाकेची वाट पाहून राहिली होती."

"मास्तर तं गावात नव्हते! तुम्ही काहून नाही आल्या?"

"हाक आल्याबिगर याचं नाही, असा तुमचाच नेम होता नं, बाई."

त्या रागावून बोलल्या नाहीत. कुणी नळाची वेळ सांगावी तसं सांगितलं. ताईंनी बाजेची दोरी चाचपली. मग म्हणाल्या, "आता चार ठोके तुमचे. सरळ अंदर याचं. कोनाले विचारायचं नाही."

"आता कोन फोन करते आमाले?" शांताबाई म्हणाल्या. "मायसाठीच तं नंबर देल्ला होता."

 घरी आल्यावर ताईंनी ओसरीतली पास काढून गोठ्यात टाकली. पुढे फोन आला की त्या चपला घालून स्वतः निघत, ऊन असो, गुडघे दुखत असोत. "ताईंनी गल्लीसाठी किती पायपीट केली" असं आपल्या घरात आजही कौतुकाने सांगतात. ती पायपीट कधीपासून सुरू झाली, हे कोणी सांगत नाही. डोंगऱ्यांच्या दाराशी जायची वेळ मात्र त्यांच्यावर आली नाही. शांताबाईंनी आपल्या माणसांना पोस्टातल्या फोनचा नंबर दिला होता.

ताई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी मला एकदा विचारलं, "शांता कशी आहे वो?" बरी आहे म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

शांताबाई अजून सौंसरलाच राहतात. मी गेले की त्या मला आत बसवतात, चहा देतात, तुमची चौकशी करतात. आपल्या घरातून त्यांची माफी अजून कोणी मागितलेली नाही.