रोमन पास हवालदार

देवमन हवालदाराला राग यायला कारण लागत नसे. आधी राग यायचा, मग तो कारण हुडकून आणायचा. चहा गोड झाला तरी भडका, फिका झाला तरी भडका. त्याची बायको केशरबाई अख्ख्या भीमनगरात सांगत फिरायची, "आमच्या यायले आंदी राग येते, मंग जाग येते."

पलटणीतून पेन्शन घेऊन तो अकोल्यात आला आणि कापसाची सरकी काढायच्या एका जिनात पहारेकरी झाला. एका गोष्टीनं मात्र त्याची छाती बारा महिने फुगलेली असे. तो 'रोमन पास' होता. पलटणीत हिंदुस्थानी बोली इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत होती. त्या लिहिण्याला शिपाई नुसतं 'रोमन' म्हणत आणि त्याची परीक्षा होत असे. देवमन त्यात पहिल्या नंबरानं पास झालेला. घरात भांडण भाजीवरून निघो की पावण्यावरून, त्याचा शेवटचा शब्द ठरलेला, "रोमन पास हाओ मी, मले शिकवू नोको."

चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात गावातल्या मोठ्या लोकांनी नगररक्षक दल काढलं. अध्यक्ष झाले कापसाचे अडते भगवंतराव. कवायत शिकवायला त्यांनी देवमनला बोलावलं, कारण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल असा दुसरा गळा अकोल्यात नव्हता. भीमनगरचे पोट्टे आले, जुन्या शहरातले आले, बाळापूरकडच्या शेतकऱ्यांचेही आले. वर्षभर देवमननं सगळ्यांना सारख्या शिव्या दिल्या. सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये पहिल्या रांगेत भीमनगरची पोरं लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन चालतील, हे त्यानं मनाशी धरलं होतं. आणि मनात ठेवणं त्याला जमत नसल्यामुळे ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

अशात परेड तोंडावर आली असताना अमरावतीहून वामनराव आले. कॉलेजात इतिहास शिकवायचे. शिक्षण पुण्याला झालेलं, त्यामुळे दर वाक्याला 'बरं का' लागायचं. दलाला सल्ला द्यायला भगवंतरावांनी त्यांना आणलं होतं आणि त्यांचं पहिलं व्याख्यान होतं 'रोमनांचा लष्करी ग्रंथ' यावर.

देवमननं 'रोमन' ऐकलं, 'लष्करी' ऐकलं, पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. हे तर आपलंच पुस्तक. त्यानं मेडलं घासली, मिशीला तेल लावलं आणि श्रावणला, म्हणजे आपल्या पोराला, बजावून सांगितलं की आज बाप कोण आहे ते पाहून घे. सभेत पुढच्या सतरंजीवर बसला. वामनरावांनी पुस्तक वर धरताच हा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हे म्या पास केलं आहे."

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहो हवालदार, रोमन म्हणजे तुमची एबीसीडी नव्हे, बरं का. रोम शहराचे लोक. दीड हजार वर्षांपूर्वीचे."

सभा खो खो हसली. भगवंतरावांचं पोट तर बराच वेळ हलत राहिलं. देवमन खाली बसला. कानाच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या आणि श्रावण मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसत होता.

तरी वामनराव बोलू लागले तसा देवमनचा राग जरा निवू लागला. ते रोमन लोक नव्या शिपायाला खऱ्यापेक्षा दुप्पट वजनाची लाकडी तलवार देऊन खांबाशी झुंजवत. एका लयीत पावलं टाकून कोसच्या कोस चालवत. मुक्काम एका रात्रीचा का असेना, भोवती खंदक खणल्याशिवाय झोपू देत नसत. देवमनला स्वतःच्या पाठीवरचा दगडांनी भरलेला पिट्टू आठवला. पुढं वामनराव म्हणाले की युरोपातले राजे हजार वर्षं हा ग्रंथ उशाशी घेऊन निजले, त्यातून तिकडच्या कवायती निघाल्या आणि इंग्रजांनी त्या इकडे आणल्या. "तुमचे हवालदार 'बाएँ मुड' म्हणून ओरडतात ना, ते या ग्रंथाचंच नातवंड आहे." मंग आपून काय चुकीचं बोललो, असं देवमनला वाटलं. पुन्हा उठून ते सांगावं की काय, या विचारात तो होता.

तेवढ्यात शिपायांच्या निवडीचा भाग आला. ग्रंथकार म्हणतो, शिपाई घ्यावा तर शेतकऱ्याचा; मासे धरणारा, पाखरं धरणारा, विणकर, मिठाईवाला, असल्यांना सैन्यात घेऊ नये. वामनरावांनी पुस्तक मिटलं. आपणही हे तत्त्व लावू, म्हणाले. बापाचा धंदा पाहून तुकड्या करू.

दुसऱ्याच दिवशी तुकड्या झाल्या. ज्यांच्या बापाकडे शेती, ते पुढे, लाकडी बंदुका घेऊन. बाकीचे मागे, फावडी घेऊन. त्यांचं नाव खंदक तुकडी. भीमनगरची झाडून सगळी पोरं मागे गेली आणि त्यांच्याबरोबर एक कोष्ट्याचा, म्हणजे विणकराचा, पोरगाही गेला.

रंगीत तालमीच्या संध्याकाळपर्यंत देवमन गप्प होता. केशरबाई घाबरली ती त्यालाच. हा माणूस ओरडत नाही म्हणजे आत काहीतरी शिजून राहिलं आहे, हे तिला कळत होतं. मैदानावर तो सरळ वामनरावांपुढे जाऊन उभा राहिला. भगवंतराव बाजूला होते.

"वामनराव, हे पुस्तक म्या वाचलं नाई," तो म्हणाला. "पन माह्या आज्यानं याचा मार खाल्ला आहे. पुंजाजी नाव त्याचं. बंदूक घेऊन लढला. मंग एक दिवस साहेब लोकाइनं ठरवलं का हे लढाऊ जातीचे नाईत, अन् घरी धाडून देलं. मरेस्तोवर कमरेचा पट्टा पुसत बसला तो. त्या साहेबाच्या हाती असंच एखांदं पुस्तक असन. अन् आता तुमी आले माह्या पोट्ट्याइले फावडे वाटाले."

वामनराव गोरेमोरे झाले. हा काही आपला शब्द नाही म्हणाले. ग्रंथाचा आहे. दीड हजार वर्षं टिकलाय तो.

"टिकला नाई. तुमी टिकवून राहिले."

आणि देवमन वळला. छाती भरून घेतली आणि जिनाच्या पत्र्यावरची कबुतरं उडतील अशा आवाजात त्यानं हुकूम सोडला, "लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाईन में, कदवार!"

उंच उजवीकडे, बुटका डावीकडे, आणि उंचीखेरीज काहीही पाहायचं नाही, असा तो पलटणीतला हुकूम. वर्षभर तो पोरांच्या हाडात मुरला होता. डोक्यानं विचार करायच्या आत पाय हलले. फावडी बंदुकांत घुसली, बंदुका फावड्यांत. धूळ खाली बसली तेव्हा उजव्या टोकाला श्रावण होता, त्याच्या खांद्याला खांदा लावून भगवंतरावांचा पोरगा पंजाबराव, मग कोष्ट्याचा पोरगा. डाव्या टोकाला बाळापूरकडच्या एका पाटलाचं बुटकं पोरगं.

वामनरावांनी सगळ्यांना आपापल्या तुकडीत जायला सांगितलं. पोरं देवमनच्या तोंडाकडे पाहत उभीच राहिली. भगवंतरावांनी मान तिरपी करून रांग पाहिली. कापसाची गाडी पाहायचे तशीच. उतरत गेलेली सरळ टोकं, कुठं खाच नाही.

"लाईन मातर झकास दिसून राहिली," ते म्हणाले. "पाहुन्याइसमोर अशीच राहू द्या. अन् हवालदार, तुमी आमच्या मानसाचा चारचौघांत अपमान केला. उद्यापासून मैदानात पाय ठेवू नोका."

घरी आल्यावर केशरबाईनं विचारलं, जिंकले का हरले? देवमननं ताट सरकवून दिलं. त्यालाही सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही याचा वेगळा राग आला होता.

सव्वीस जानेवारीला आपण जाणार नाही, असं त्यानं भल्या पहाटेपासून ज्याला त्याला सांगितलं. मग गेला. दोरीच्या बाहेर, गर्दीत, कोणाच्या तरी सायकलीला टेकून उभा राहिला. त्याच्या जागी वामनराव शिट्टी वाजवत होते. रांग आली. फावडी कुठंच नव्हती, सगळ्यांच्या खांद्यावर बंदुका होत्या आणि पहिल्या रांगेच्या टोकाला श्रावण होता. भीमनगरच्या बाया पदर सावरून टाचा उंच करत होत्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, पाहा हवालदार, तुमचं पोरगं. देवमन कुठलं पाहतो. त्याला पंजाबरावाचा चुकलेला पाय दिसला होता.

"अबे पंजाब्या," तो दोरीवरून वाकून गरजला, "बापाच्या अडतीत चालून राहिला काय? पाय पाह्य, पाय."

पंजाबरावानं तिथल्या तिथं पाय बदलला. त्याच्यामागची रांगही उगाच सावध झाली. पोलिसानं येऊन देवमनला गप्प राहायला सांगितलं, तसा त्याला पोलिसाचाही राग आला, आणि परेड वळणाआड जाईपर्यंत तो पंजाबरावावर आणि पोलिसावर आळीपाळीनं ओरडत राहिला.