टँकरचा डेटा आणि मान्य उत्तर

स्क्रीनवर आलेल्या यादीत धायरी जवळजवळ तळाशी होती. प्राजक्ताने यादी दोनदा वर-खाली केली आणि मला बोलावलं.

"सर, धायरीत आमच्या आळीत दिवसाआड टँकर येतो. या यादीप्रमाणे आम्हाला पाण्याचा काही त्रासच नाही."

"मग घरी कळव," शेजारी बसलेला तिच्या टीममधला अथर्व म्हणाला. "आनंद होईल त्यांना."

पुण्यात कर्वेनगरमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची ती लॅब होती. आमच्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी बिग डेटा हॅकेथॉन ठेवली होती. हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या वेळात प्रोग्राम लिहून प्रश्न सोडवण्याची स्पर्धा. बिग डेटा म्हणजे एका कॉम्प्युटरला न पेलणारा डेटा. तो अनेक मशीनवर वाटून द्यायचा आणि सगळ्यांकडून एकदम काम करून घ्यायचं. मुख्य स्पर्धेआधी तयारीची एक फेरी होती. ती पार करणाऱ्या टीम अंतिम फेरीत जाणार होत्या. मी डेटा इंजिनीअर म्हणून बरीच वर्षं काम करतो. या कॉलेजात मला मेंटर म्हणून पाठवलं होतं.

प्राजक्ता शेवटच्या वर्षाला होती. पहिल्या वर्षी ती गणितात नापास झाली होती. विषय पुढे सुटला, पण कॅम्पसवर येणाऱ्या बहुतेक कंपन्यांना मार्कशीटवर तेवढाही डाग चालत नाही. आमच्या हॅकेथॉनमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्यांची मुलाखत मार्कांची अट न लावता होणार होती. कॅम्पसमधून नोकरी मिळण्याची तिला तेवढीच संधी उरली होती. अथर्वकडे दुसऱ्या कंपनीची ऑफर आधीच होती. तो सर्टिफिकेटसाठी आला होता.

तयारीच्या फेरीसाठी आमच्या एका क्लायंटने डेटा दिला होता. त्यांच्या अ‍ॅपवर लोक पाण्याचा टँकर मागवतात. प्रश्न सोपा होता: शहराच्या कोणत्या भागाला टँकरची गरज जास्त, याची क्रमवारी लावा.

अडचण पत्त्यांत होती. सोसायटीतला माणूस अ‍ॅपमधल्या यादीतून आपला भाग निवडतो. गावठाणातला माणूस 'देवळामागे, जुन्या विहिरीजवळ' असं हाताने लिहितो. अ‍ॅपला ते कळत नाही. 'भाग' हा रकाना रिकामा राहतो. आमच्या धंद्यात रिकाम्या रकान्याला नल म्हणतात. नल दिसला की ती ओळ काढून टाकायची, ही सगळ्यांची सवय आहे. त्याला डेटा साफ करणं म्हणतात. कॉलेजात हे पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात आणि त्यावर फारसं कोणी विचारत नाही. अथर्वने त्या सवयीने ओळी काढल्या होत्या. त्या ओळींबरोबर, शहराच्या हद्दीत नव्याने आलेली निम्मी गावं हिशोबातून गेली होती.

प्राजक्ताने त्या ओळी परत घेतल्या. टँकर पोहोचला की ड्रायव्हर अ‍ॅपमध्ये तशी नोंद करतो आणि त्या जागेचं लोकेशन साठवलं जातं. तिने लोकेशनवरून रिकामे रकाने भरायला सुरुवात केली. दुपार त्यात गेली. प्रोग्राम हळू चालू लागला, तो तिने पुन्हा बसवला. नवी क्रमवारी आली तेव्हा धायरी पहिल्या काही नावांत होती. इतर गावंही वर आली होती. मी चाचणी म्हणून काही ओळी हाताने तपासल्या. काम चोख होतं.

तिने उत्तर चेकरकडे पाठवलं. चेकर म्हणजे टीमचं उत्तर आमच्याकडच्या ठरलेल्या उत्तराशी ताडून बघणारा प्रोग्राम. लाल पट्टी आली. उत्तर जुळत नव्हतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्या ऑफिसात ठरलेलं उत्तर काढणाऱ्यानेही डेटा साफ केला होता.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन निखिलला फोन लावला. निखिल माझा मॅनेजर. हॅकेथॉन त्याच्याकडे होती. मी त्याला सगळं सांगितलं आणि आपलं उत्तर चुकलंय, असं म्हटलं.

"ते रेफरन्स उत्तर आहे," तो म्हणाला. "ते चुकत नसतं."

मग त्याने कारणं सांगितली. दुसऱ्या कॉलेजांतल्या टीम त्याच उत्तरावर पास झाल्या होत्या. त्यांना मेल गेले होते. उत्तर बदललं तर सगळ्यांना पुन्हा तपासावं लागणार होतं. शिवाय क्लायंटने ते पाहून ओके दिलं होतं. मी म्हटलं, निदान दोन्ही उत्तरं मान्य करू.

"अहो, ही हॅकेथॉन आहे. जनगणना नाही." तो म्हणाला. "मुलगी हुशार आहे ना? मग तिला जुळवायला सांगा."

मी हेच सगळं मेलवर लिहून पाठवलं. थोड्याच वेळात उत्तर आलं. 'नोटेड. पुढच्या वर्षी बघू.'

लॅबमध्ये परत आलो तर प्राजक्ता आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसली होती. चूक तिच्याकडे नाही, हे मी तिला सांगितलं. फोनवरचं बोलणंही सांगितलं.

"दोन्ही पाठवता येतील का, सर? एक त्यांचं आणि एक बरोबर?"

"चेकर एकच घेतो."

"खाली एखादी टीप?"

"ती वाचायला तिथे कोणी माणूस नाही."

अथर्वने खुर्ची मागे ढकलली. "एका ओळीचं काम आहे. पण माझं नोकरीचं झालंय, तुझं व्हायचंय. तू ठरव."

प्राजक्ताने कीबोर्ड पुढे ओढला. मग तिने आपल्या कोडच्या ओळींपुढे एकेक खूण टाकली. ही खूण असलेली ओळ मशीन वाचत नाही. कोड पुसायचा नसतो, पण चालवायचाही नसतो, तेव्हा आम्ही असं करतो. खाली तिने नल काढून टाकणारी ओळ लिहिली आणि पाठवलं. हिरवी पट्टी आली. अथर्व तिचं अभिनंदन करायला गेला. तिने बॅग भरली आणि बस आहे म्हणून निघाली.

टीम अंतिम फेरीत गेली. तिथे बक्षीस मिळालं नाही. तयारीच्या फेरीतली क्रमवारी क्लायंटने पुढे आपल्या प्रेझेंटेशनमध्ये वापरली. तिच्याखाली 'पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी पडताळलेली' असं छापलं होतं. मी निखिलला ती स्लाइड दाखवली. फॉन्ट बरा आहे, असं तो म्हणाला.

प्राजक्ताची मुलाखत आमच्याच ऑफिसात झाली. पॅनेलवर निखिल होता आणि मीही होतो. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला: तुमचं उत्तर आणि क्लायंटचं उत्तर वेगळं आलं तर काय कराल?

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"क्लायंटला कोणतं हवंय ते आधी विचारीन."

निखिलने पूर्ण मार्क दिले. ती आता माझ्या टीममध्ये आहे आणि तिच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही. ही समज यायला आम्हाला नोकरीत काही वर्षं घालवावी लागली होती. ती तयार होऊनच आली.