दाराची मूठ खाली गेली होती

आमचे मामा एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या दारावर बसायचे. बसायचे म्हणजे स्टुलावर, पण रुबाब सिंहासनाचा. दारावर लाल दिवा लागला की आत मुद्रण चालू, आणि मग खुद्द ब्रह्मदेव आला तरी मामा म्हणणार, "बसा थोडं. आत गाणं चाललंय." एकदा स्टुडिओच्या मालकालाच त्यांनी ताटकळत उभं केलं होतं. मालक चिडले, मग खूश झाले, आणि ती हकीकत मामांनी आम्हा भाचरंडांना इतक्या वेळा सांगितली, की ते दमले की पुढचं वाक्य आम्ही पुरवायचो.

घरीही तोच कायदा. कुणी फोनवर बोलत असलं तरी मामा हळूच दार लोटून घेत. मामी म्हणायची, "यांच्यापुढं जांभई द्यायची तरी दिवा बघून द्यावी लागते!"

मामांचं दैवत म्हणजे साहेब. हे मोठे गायक. टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षक, भिंतीभिंतीवर फोटो, आणि गाडीतून उतरले की दहा माणसं धावणार. या साहेबांनी एकदा मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तू दारावर असलास की मी निर्धास्त असतो." झालं. तो खांदा मामांनी त्यानंतर बरेच दिवस जपून वापरला.

साहेबांनी स्पर्धेतून एक मुलगी निवडली होती. शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, आवाज लख्ख. येता-जाता बडबड करायची म्हणून मामा तिला चिमणी म्हणत. "काका, आत एसी लावलाय की बंद?" हा तिचा रोजचा प्रश्न. कारण मुद्रण सुरू झालं की एसी बंद करतात, त्याची घरघर माइक पकडतो. मग आत घामाच्या धारा. एसीचा बाहेरचा डबा मामांच्या स्टुलाशेजारीच होता. तो चालू असला की खाली ठेवलेल्या बादलीत टपटप पाणी पडायचं.

त्या दुपारी साहेबांनी वादकांना जेवायला पाठवलं, ध्वनिमुद्रकालाही सुट्टी दिली. "मुलीची थोडी तयारी करून घेतो," म्हणाले आणि स्वतःच दिवा लावून दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं चिमणीची आई थर्मास घेऊन आली. गरम पाणी, लेकीच्या घशासाठी.

"दिवा लागलाय, ताई," मामा म्हणाले.

"नुसतं पाणी देते हो. आत पाऊलसुद्धा टाकत नाही."

"अहो, मी मालकाला सोडलं नाही! तुम्ही खाली कँटीनमध्ये बसा. मी देतो नंतर."

आईनं थर्मास त्यांच्या हातात दिला आणि ती विश्वासानं जिना उतरून गेली.

बादलीत टपटप चालू होती. दिवा लाल, आणि एसी सुरू. असं कधी होत नसे. मामांच्या ते लक्षात आलं. लक्षात आलं, आणि त्यांनी ते मनातल्या मनात बाजूला सरकवलं. मोठी माणसं, त्यांची तऱ्हा वेगळी.

मग दाराची मूठ खाली गेली. क्षणभर तशीच राहिली. आणि सावकाश वर आली.

ते दार जाड, आतला आवाज बाहेर येत नाही. उठून ढकललं असतं तर उघडलं असतं. मामा अर्धवट उठले, दिव्याकडे पाहिलं आणि परत बसले.

चिमणी बाहेर आली ती सरळ चालत गेली. मामांनी हाक मारली, "अगं, पाणी घे की!" तिनं मागं वळून पाहिलं नाही.

महिन्याभरानं तिनं तोंड उघडलं, तेव्हा सगळे साहेबांच्या बाजूनं उभे राहिले. साहेबांच्या माणसांनी सांगितलं, पोरीला नाव कमवायचंय. स्टुडिओनं चौकशी बसवली. ती म्हणाली, मी बाहेर पडायला बघितलं होतं. मामांना बोलावलं.

"तुम्ही काही पाहिलंत?"

"लाल दिवा होता," मामा म्हणाले. "लाल दिव्यात आत काय चालतं, ते बघणं माझं काम नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किती नेकीचा माणूस! चिमणी खोटी ठरली. साहेबांनी मामांना सहीचा फोटो पाठवला. मामीनं तो पाहिला आणि म्हणाली, "पिठाच्या डब्याला झाकण नव्हतंच." आणि तो तिनं डब्यावर ठेवून दिला. मालकाची हकीकत मामांनी पुन्हा कधी सांगितली नाही. आम्ही आग्रह केला, तर उठून जायचे.

निवृत्त झाल्यावर एक दिवस मामा कपाटातून तो थर्मास काढून घराबाहेर पडले. चिमणी एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. त्यांनी थर्मास काउंटरवर ठेवला.

"हा आईचा," ती म्हणाली. "तिनं घरभर शोधला होता."

"मूठ खाली गेली होती," मामा म्हणाले. "मी पाहिली होती."

ती बराच वेळ हातातली काच पुसत राहिली.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही गं…"

"विचारलं होतं, काका."

मामांनी मान खाली घातली. "हो. विचारलं होतं."

"आता सांगाल? सगळ्यांसमोर?"

मामांनी सांगितलं. पोलिसांना सांगितलं, वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, एसीसकट. त्यानंतर आणखी दोघी पुढं आल्या. मामांना वाईट वाटलं ते त्याचंच. त्या दोघी चिमणीच्या नंतरच्या होत्या.

साहेबांचे फोटो भिंतींवरून उतरले. खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून जातात. परवा कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेल्या चिमणीला त्यांनी भीतभीत विचारलं, "गातेस का गं?"

"नाही, काका," ती म्हणाली. "करून बघितलं. दाराकडं पाठ करून गाता येत नाही. आणि दाराकडं तोंड केलं, की सगळं लक्ष त्या मुठीकडं."

मामा उठले, आणि तिला कोर्टाचं दार दिसणार नाही असे मधे उभे राहिले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं. ते बाजूला झाले, जाऊन दार सताड उघडलं, आणि तिचं नाव पुकारेपर्यंत ते धरून उभे राहिले.