जात्यात खडा

बावड्यात घरासमोर मी माझ्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट स्वतः बदलला. चौथी शिकलेला असलो तरी मेस्त्रीच्या दारात जाणारा मी न्हाई. बेल्ट चढवून बायकोला पान्यानं इंजिन हातानं फिरवायला लावलं. ती मध्येच थांबली.

"अवो, जात्यात खडा आल्यागत लागतंय."

"इंजिनातलं तुला काय कळतंय?"

"मग मारा की स्टार्टर!"

बघितलं, तर बेल्ट दोन दाते चुकलेला. तसंच चालू केलं असतं तर आतले भाग एकमेकांवर आदळून इंजिन गेलं असतं. गपगुमान नीट बसवला. तिनं पुन्हा फिरवलं आणि हसली, "आता पीठ पडंल."

गल्लीत मात्र मी एकट्यानंच केलं म्हणून सांगितलं.

काही वर्षांनी ती वारली; त्यानंतर पुन्हा बेल्ट बदलला. पाना मीच फिरवला. कुठंच अडकलं नाही, तरी तासभर चावी फिरवायचा धीर झाला नाही.