मागच्या दाराने

सकाळचा चहा पिऊन बाबा पुन्हा आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन सांगून गेले. मी इंदूरला भावाला फोन केला आणि सवयीने गॅलरीत आले, कोणाला तरी हाक मारायला. पण हाक मारायची कोणाला?

आमची गल्ली महाकाळाच्या मंदिरामागे. आई गेली तेव्हा मी काही बोलायच्या आत समोरच्या काकू जिना चढून वर आल्या होत्या. बायकांनी घर ताब्यात घेतलं, पुरुष बांबू आणायला गेले, दुपारी कुठूनसा पिठलं-भात आला. आम्हाला काही सांगावं लागलं नाही. पुढे मंदिराचा परिसर वाढला, रस्ते रुंद झाले, देशभरातून गर्दी लोटली आणि गल्लीतली घरं एकेक करून होम-स्टे झाली. माणसं नानाखेड्याच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला गेली. आता त्या घरांच्या गच्च्यांवर पांढऱ्या चादरी वाळतात आणि खाली रोज नवे चेहरे चपला शोधत उभे असतात. बाबा ओट्यावर बसले की कोणीतरी हमखास विचारायचं, "अंकल, रूम मिलेगा क्या?" बाबा हसून नाही म्हणायचे. मला मात्र त्या विचारण्याची चीड यायची.

त्या दिवशी आमच्याकडे पहिला आला तो समोरच्या काकांचा मुलगा. काका-काकू नानाखेड्याला गेल्यापासून त्यांच्या घराचा होम-स्टे तोच चालवतो. शाळेत असताना बाबांकडे गणित शिकायला यायचा. तो बाबांच्या पाया पडला, डोळे पुसले. मला बरं वाटलं. मग त्याने मला जिन्यापाशी बोलावलं.

"ताई, एक रिक्वेस्ट होती. बाबांना मागच्या दाराने नेता येईल का? आज सोमवार, सगळं फुल आहे. गेस्ट दर्शनाला निघतात, दारातच असं दिसलं की त्यांचा मूड जातो. रिव्ह्यू खराब देतात."

मागचं दार म्हणजे दोन घरांमधली सांद. तिथून नाली वाहते, कचरेवालासुद्धा तिरका होऊन जातो. माझं रडू जागच्या जागी थांबलं.

"माझे बाबा पुढच्या दाराने जातील," मी म्हटलं. "तुझ्या गेस्टना सांग, या गल्लीत अजून माणसं राहतात. राहतात तशी मरतातही."

नाराज होऊ नका, धंद्याचा सवाल आहे, असं काहीतरी पुटपुटत तो उतरला.

दुपारपर्यंत भाऊ आला. श्रावणातला सोमवार, संध्याकाळी महाकाळाच्या पालखीची सवारी, त्यामुळे बॅरिकेड लागलेले. शववाहिका मोठ्या रस्त्यावरच अडवली होती. तिथपर्यंत खांद्यावर नेणं भाग होतं. भाऊ, त्याचा जावई, एक आतेभाऊ आणि चौथा खांदा माझा. पूर्वी याच गल्लीत खांदा द्यायला माणसं रांगेत असायची. आता दोन्ही बाजूंना माणसं खच्चून उभी होती, पण त्यांतलं एकही आमचं नव्हतं. काहींनी हात जोडले. एकजण मोबाईल वर करून शूटिंग करत होता. "फोन अंदर रखो," मी इतक्या जोरात ओरडले की तिरडी हलली. पुढे एका बाईने भावाच्या जावयाला विचारलं, "भैया, दर्शन की लाइन किधर से है?" त्याने मानेनेच दिशा दाखवली. बिचाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले.

तिसऱ्या दिवशी काका आले. ऑटो टावर चौकाच्या पुढे येईना म्हणून तिथून चालत आले होते, गुडघे धरत. मुलाने त्यांना कळवलंच नव्हतं. कोणा भाजीवाल्याकडून बातमी लागली.

बाबांच्या फोटोपुढे ते बराच वेळ बसले. मी मनात ठरवलं होतं की यांना चांगलं सुनवायचं. मागच्या दाराचं सगळं सांगितलंही. काका मग म्हणाले, "काय सांगू बेटा. मला थोडं पडायचं होतं म्हणून आधी आपल्या समोरच्या घरी गेलो. तर पोरगा म्हणाला, रूम रिकामी नाही, यायच्या आधी फोन करत जा."

मी त्यांना बाबांच्या पलंगावर चादर घालून दिली. ते कूस वळवून गल्लीकडे तोंड करून निजले. त्यांच्यावर रागवायचं माझ्याने झालं नाही, आणि त्यामुळे राग आणखीच वाढला.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा पुन्हा आला. आमचा खालचा मजला त्याला चालवायला हवा होता. ताई एकट्याच आहात, सोबतही होईल, म्हणाला. इंदूरहून भावाचाही फोन आला, विचार करायला काय हरकत आहे म्हणून. शहराची तरक्की होतेय, आपणच मागे का राहायचं, हे त्याचं म्हणणं. ज्या तरक्कीत माझ्या बापाला गल्लीतून चौथा खांदा मिळेना, तिच्यात मला भाग नको, असं मी त्याला सांगितलं. आम्ही अजून नीट बोलत नाही.

मी इथेच आहे. पहाटेपासून स्पीकर वाजतो, आमच्या ओट्यावर लोक चपला काढून जातात, आणि मी रोज सकाळी त्या उचलून समोरच्या दारात नेऊन टाकते.